दिवाळीच्या सुट्टीत गावाला जायचंय, सोबत कुत्री आहे. तुम्ही कसं जमवता?

केळफूल

मंडळी, दिवाळीची सुट्टी लागायला आठवडा राहिलाय आणि आमच्याकडे फराळापेक्षा कुत्रीचीच चर्चा जास्त चाललीये म्हणून धागा काढतेय. आम्ही पुण्यात, सासर अंजर्ल्याला. दिवाळीला सगळे तिकडेच जमतो, म्हणजे आम्ही चौघं, मुंबईहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, सासूबाई आणि अण्णा तर तिथेच असतात, शिवाय भाऊबीज झाल्यावर नवऱ्याचे कॉलेजचे दोन मित्र सहकुटुंब येणारेत कारण त्यांना हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचाय.

आमची तांबू गावठी आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात सापडली होती. गेल्या दिवाळीला तिला इथे एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं, परत आली ती भुंकून भुंकून घसा बसलेला आणि कानात गोचीड, त्यामुळे ह्या वेळी मुलांनी जाहीरच केलंय की तांबू नाही तर आम्ही पण नाही. धाकट्याने तर बॅगेत स्वतःचे कपडे भरायच्या आधी तिचं ताट भरून ठेवलंय.

आता अडचणी ऐका. सासूबाईंचं सोवळं कडक आहे, नैवेद्याचा स्वयंपाक असला की आम्हालाच माजघरात जपून वावरावं लागतं तिथे कुत्रीचं काय. जाऊबाईंना लहानपणी कुत्रा चावलेला, तेव्हाची ती पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं त्यांनी घेतलीयेत, त्यामुळे त्यांची भीती नाटकी नाहीये अजिबात. घाटात तांबू ओकते. फटाक्यांना घाबरते. आणि अण्णा फोनवर सहज म्हणाले की पावसाळ्यात खालच्या वाडीतला एक कुत्रा बिबट्याने नेला, हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

ज्यांनी कुत्र्याला घेऊन असं भरल्या घरात सण केलाय त्यांनी सांगा. "कुत्र्याला माणसासारखंच वागवा" टाइप सल्ले नकोत प्लीज, घरात दहाबारा माणसं आहेत आणि ती पण माणसंच आहेत.

सांडगी_मिरची

घेऊन जा गं. बोर्डिंगवाले दिवाळीत जागा आहे त्याच्या दुप्पट कुत्रे घेतात, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी हेच. आमचा लॅब तर परत आल्यावर दोन दिवस सोफ्याखालून बाहेर आला नव्हता.

घाटमाथा

केळफूल, रस्ता कुठला घेताय? ताम्हिणीतून माणगाव-महाड-पोलादपूर-खेड-दापोली असेल तर ताम्हिणीतली वळणं हीच काय ती परीक्षा, पुढे कशेडीला आता बोगदा झालाय त्यामुळे तो घाट वाचतो. निघायच्या आधी तीनचार तास खायला काही देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. पहाटे अंधारात निघा, एकतर ट्रॅफिक नाही आणि ऊन चढायच्या आत तुम्ही महाडला असता. मागच्या सीटवर तिच्या वासाची जुनी गोधडी टाका आणि खिडकी चार बोटं उघडी. दर दोन तासांनी उतरवा, पण उतरवायच्या आधी पट्टा हातात घ्या, हायवेवर दार उघडलं की कुत्रं उडी मारतं आणि मग सगळी वरात मागे.

आणि चहाला थांबलात की "पाचच मिनिटं" म्हणून तिला बंद गाडीत सोडू नका. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक डिग्रीने तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाला येतो तेवढाच, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकूनच.

पुणेकर_पेठी

मी वाईट दिसणार आहे पण बोलतो. वर्षातून एकदा सगळे जमतात, म्हाताऱ्या बाईचं सोवळं, जावेची भीती, आणि एका कुत्रीसाठी सगळ्यांनी ॲडजस्ट करायचं? नवरा-बायकोपैकी एकाने पुण्यात थांबावं किंवा शेजारी ठेवावं. पूर्वी पण लोक कुत्री पाळायचे, ती अंगणात असायची, त्यांना घेऊन कोणी प्रवास करत नव्हतं.

केळफूल

@पुणेकर_पेठी, वाईट नाही दिसलात, माझ्या मनात पण हेच येतं. फक्त ते "एकाने थांबावं" मधला एक म्हणजे कोण ते आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं, म्हणून त्या पर्यायावर मी फुली मारलीये :)

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्यक आहे, गाईगुरांचं काम जास्त पण दिवाळीच्या आठवड्यात कुत्री पण भरपूर बघतो, आणि त्यातली निम्मी फराळाने आजारी पडलेली असतात. म्हणून जरा सविस्तर.

चिवड्यातले बेदाणे. हे लोकांना माहितीच नसतं. द्राक्षं, मनुका, बेदाणे ह्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते आणि किती खाल्ले म्हणजे धोका ह्याचा काही हिशोब नाही, एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला चार बाधतात. खाल्ल्याचं कळलं की उलटी-जुलाब सुरू व्हायची वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. लाडवाला वर लावलेला बेदाणा पण त्यातच आला. चॉकलेट नको हे आता सगळ्यांना माहितीये. कांदा लसूण, कच्चा असो शिजलेला असो, रक्तातल्या लाल पेशी खराब करतो, म्हणजे कांद्याच्या रश्शात बुडवलेली भाकरी पण नको. शुगरफ्री मिठाई आणत असाल तर तिच्यात झायलिटॉल आहे का बघा, ते कुत्र्याला फार वाईट. आणि चकली शंकरपाळी विषारी नसली तरी ते तळण, एकदम पोटभर मिळालं तर स्वादुपिंडाला सूज येते, कुत्रं पाठ कमानीसारखी करून उभं राहतं आणि काही खात नाही.

गावाला जाताय तर रेबीजची वर्षाची लस झालीये का, आणि लेप्टोची आहे का हे कार्डावर बघा. कोकणात दिवाळी म्हणजे भातकापणी, ओली खाचरं, उंदीर, त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो, कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. गोचिडीचं औषध निघायच्या आधी लावून घ्या, पावसाळ्यानंतर गवतात गोचीड भरपूर असते.

फटाक्यांसाठी केमिस्टकडून झोपेची गोळी घेऊन देऊ नका. नुसत्या गुंगीच्या काही औषधांनी कुत्रं हलत नाही म्हणून आपल्याला वाटतं शांत झालं, प्रत्यक्षात ते तेवढंच घाबरलेलं असतं, फक्त पळता येत नाही. भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात, ती तुमच्या डॉक्टरला विचारून, आणि सणाआधी एकदा घरी देऊन बघा काय परिणाम होतो. माणसांची वेदनाशामकं तर अजिबात नाही.

सांडगी_मिरची

बेदाण्यांचं खरंच माहिती नव्हतं! आमच्याकडे सासरे चिवड्यातले बेदाणे निवडून काढतात कारण त्यांना आवडत नाहीत आणि ते मोत्याला घालतात. आता जाऊन सांगते.

माजघर

केळफूल बाई, माझं माहेर केळशीचं, आता साठी उलटलीये, तेव्हा सासूच्या बाजूने आणि सुनेच्या बाजूने दोन्हीकडून बोलू शकते.

पहिलं म्हणजे नवऱ्याला मध्ये घालू नकोस. तूच फोन कर आणि "आणू का" असं नको विचारूस, "आणतेय, कुठपर्यंत चालेल तुम्हाला" असं विचार. सोवळं असणाऱ्या बाईला जनावराचा राग नसतो गं, गोठ्यातल्या गाईचं शेण हाताने काढलेलं असतं तिने. तिला धास्ती असते ती ह्याची की एकदा आत आली की मग कुठेच धरबंध राहणार नाही. तिने जी रेघ आखली ती तुम्ही पाळणार असा भरवसा बसला की निम्मं भांडण संपतं. आणि मग ती रेघ खरंच पाळायची, मुलांनी पण. "एकदाच गं आजी" चालणार नाही.

आमच्याकडे कुत्रा पडवीत असायचा, ओटीवर नाही. वर चढायची पायरी हीच हद्द. पहिल्या दिवशी लांब दोरीने पडवीतच बांधा, तिथेच खायला, तिथेच गोधडी. जावेचं म्हणशील तर तिला "काही करत नाही गं ती" हे वाक्य कोणीही म्हणायचं नाही, चावलेल्या माणसाला ह्या वाक्याचा जितका संताप येतो तितका कशाचा येत नाही.

मंडणगडचा

बिबट्याचं हलक्यात घेऊ नका. आमच्या भागात कुत्रं हे त्याचं सोपं खाणं. अंगणात, मांगराजवळ, गडग्याच्या कडेला बांधलेलं कुत्रं तर फारच सोपं, पळता पण येत नाही त्याला. दिवेलागणीनंतर कुत्री पडवीत आणि पडवीचं दार बंद, जाळी असेल तर उत्तम. रात्री शू करायला न्यायची तर दोघांनी जायचं, बॅटरी घेऊन, अंगणातल्या अंगणात. पहाटे अभ्यंगस्नानाला सगळे उठतात तेव्हा अंधारच असतो आणि दार सताड उघडं टाकलेलं असतं, ती वेळ विशेष जपा.

फुरसं (विषारी साप) पण लक्षात ठेवा. कापलेल्या भाताच्या भाऱ्यांमध्ये, दगडांच्या फटीत असतं, आणि कुत्र्याचं नाक सगळीकडे जातं.

ऱ्हाईनकाठी

आम्ही जर्मनीत, इथे शाळांना आत्ता हेर्ब्स्टफेरिअन म्हणजे शरदाची सुट्टी चालू आहे. आमच्या राज्यात दोन आठवडे असते, पण दर वर्षी दिवाळी त्यात बसेलच असं नाही, त्यामुळे बऱ्याच वर्षी लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर आणि चकल्या शनिवारी. कुत्र्याला ट्रेनमधून नेणं हा मात्र इथला सुखाचा भाग, पिशवीत मावणारा छोटा असेल तर फुकट, मोठ्याचं लांबच्या गाडीला अर्धं तिकीट काढायचं, तोंडाला जाळी लावायची आणि पायाशी बसवायचं. बदल्यात नगरपालिकेला कुत्र्याचा वार्षिक कर भरावा लागतो, तेव्हा हेवा करू नका. फटाक्यांचा त्रास आम्हाला ३१ डिसेंबरच्या रात्री, तेव्हा इथली जनता अशी फटाके लावते की आपली लक्ष्मी रोड बरी.

घाटमाथा

ट्रेनचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे पण नेता येतं पण फर्स्ट एसीत, आणि तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या खोक्यात. त्या खोक्यात मी माझं सामान पण ठेवणार नाही.

पुणेकर_पेठी

फटाक्यांवर एक. सुप्रीम कोर्टाने २०१८ सालीच दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ दिली होती. आमच्या पेठेत साडेअकराला सुतळी बॉम्ब लागतो आणि लावणारा माणूस वकील आहे. एवढंच नोंदवतो.

केळफूल

अपडेट. माजघर काकूंचं ऐकून सासूबाईंना मीच फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता आणि मग, "पडवीत राहील. ओटीवर चढायचं नाही. आणि तुळशीपाशी फिरकायचं नाही." मी हो म्हटलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कार्ड बघितलं, लेप्टोची लस राहिली नव्हती पण गोचिडीचं औषध संपलेलं, ते लावून घेतलं. उद्या पहाटे निघतोय.

केळफूल (वसुबारस, रात्री)

पोचलो. ताम्हिणीत ओकली नाही!! महाडच्या पुढे ओकली, आणि तीसुद्धा धाकट्याच्या बुटात, पण त्याने अभिमानाने फोटो काढून ठेवलाय.

इथे वसुबारसेला शेजारच्यांकडे गाय-वासराची पूजा असते, सगळ्या बायका तिकडे, आणि तांबूने आयुष्यात पहिल्यांदा गाय जवळून बघितली. भुंकायला तोंड उघडलं आणि गाईने नुसती मान वळवून बघितलं तर ही माझ्या पायात. अण्णा म्हणाले शहरातली दिसते.

पडवीत गोधडी टाकलीये. ओटीच्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून बघितले तिने, थोरलीने "खाली" म्हटलं की उतरली, उतरली की बिस्किटाचा तुकडा. मग हिने काय केलं, मुद्दाम पाय वर ठेवायचे, आपणहून खाली घ्यायचे आणि तोंडाकडे बघायचं. हुशार आहे हो मेली.

सांडगी_मिरची

बुटातला फोटो नको टाकूस प्लीज.

मंडणगडचा

रात्री दार?

केळफूल

@मंडणगडचा बंद. जाळी पण आहे. अण्णांनी आतून कडीला काठी पण अडकवलीये, म्हणाले बिबट्याला कडी काढता येत नाही पण तुला झोप लागेल.

केळफूल (पाडवा, दुपार)

सगळे जेवून आडवे झालेत म्हणून निवांत लिहिते.

नरक चतुर्दशीला पहाटे चार वाजता घर जागं. चुलीवर पाण्याचं आधण, उटणं, पोरांची "आधी मी नाही" वरून भांडणं, तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडणं, आणि मग पोहे. कोकणातल्या दिवाळीचं माझ्या मते हेच खरं जेवण, तुमच्या करंज्या-बिरंज्या शहरात. गुळाचे गोड पोहे, दुधातले, ताकातले, फोडणीचे तिखट, बटाट्याचे, पानावर सगळे थोडे थोडे. पुण्यात मी एकटीने एवढे प्रकार कधीच करणार नाही आणि इथे तीन बायका बोलता बोलता करून टाकतात.

फटाक्यांचं असं केलं. घराच्या मागच्या बाजूला भाताची खोली आहे, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, एकच बारकी खिडकी, कणगी आणि पोती. पहाटेपासून तांबूला तिथे ठेवली, सोबत थोरली पुस्तक घेऊन, आणि दारात अण्णांचा रेडिओ मोठ्याने. वाडीतल्या पोरांना नवरा आदल्या संध्याकाळीच भेटून आला होता, फटाके लावू नका असं नाही म्हणाला, फक्त सुतळी बॉम्ब लावायच्या आधी एक हाक मारा म्हणाला. पोरं खरंच हाक मारत होती! "काकाऽऽ लावतोऽऽ" आणि मग धडाम्. तांबू थरथरली, धापा टाकल्या, पोत्यांच्या मागे जाऊन बसली, पण गेल्या वर्षांसारखं दारं ओरबाडणं वगैरे नाही झालं. कुत्र्याला आपल्या दुपटीहून वरच्या पट्टीतलं ऐकू येतं म्हणतात, माणसाचं वीस हजार हर्ट्झला संपतं आणि त्यांचं चाळीस हजाराच्या पुढे जातं, तर त्या रॉकेटची शिट्टी तिला कशी लागत असेल देव जाणे. डॉक्टर, औषध घरी एकदा देऊन बघितलं होतं पण इथे द्यायची वेळ आली नाही.

बेदाण्यांचा मात्र प्रसंग झाला. दीर चिवड्याची वाटी घेऊन पडवीत बसले आणि "घे तांबू" करून मूठ पुढे केली. मी काही म्हणायच्या आत माझा दुसरीतला मुलगा किंचाळला, "काका किडनीऽऽ!" घरात सगळ्यांना वाटलं दिरांनाच काहीतरी झालं. मग जेवताना सगळ्यांना डॉक्टरांची पोस्ट वाचून दाखवली.

जाऊबाई. त्यांना पडवीतूनच बाहेर जावं लागतं, तर ठरलं असं की त्या आतून "येतेय" म्हणतात, कोणीतरी पट्टा धरतं, त्या भिंतीच्या बाजूने जातात. काल बघितलं तर त्या पायरीवर ओटीच्या बाजूला बसून शेंगा सोलत होत्या आणि ही खाली, पट्टा अण्णांच्या हातात. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. उगाच "बघा सवय झाली" म्हणून घोळ नको घालायला.

आणि सासूबाई, तुम्ही सगळे वाट बघताय त्यांनी तिला कुशीत घेतल्याची, तर तसं काही नाही झालेलं. त्यांनी तिला हात लावलेला नाही, लावणार नाहीत, आणि मला ते अगदी मान्य आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी फक्त विचारलं, "तुमचं ते बांधलंत ना?" बांधलं होतं. विषय संपला. खरं सांगू, इतक्या वर्षांत आमच्या दोघींत एवढं सरळ बोलणं मला आठवत नाही, एरवी प्रत्येक गोष्ट नवऱ्याच्या मार्फत फिरून यायची.

माजघर

हे "तुमचं ते" वाचून हसले. माझ्या आईने आमच्या कुत्र्याला मरेपर्यंत "ते" च म्हटलं, पण त्याची भाकरी कधी चुकवली नाही.

ऱ्हाईनकाठी

पोह्यांचं वाचून इथे बसल्या बसल्या रडू यायचं बाकी आहे. दुकानात जाड पोहे मिळतात पण ताकातले करायला तसं ताक कुठलं.

पुणेकर_पेठी

बरं झालं. माझं मत बदललेलं नाही, पण पायरीची आयडिया चांगली आहे. आमच्याकडे भाचीचा पग येतो त्याला सांगून बघतो, तो ऐकत नाही कोणाचं, झोपतो आणि घोरतो.

केळफूल (भाऊबीजेनंतर)

शेवटचं अपडेट, मग सामान भरायचंय. मित्रमंडळी आली, घर फुटेस्तोवर भरलं, पुरुष सगळे ओटीवर झोपले. काल संध्याकाळी हर्णैला गेलो, होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव, पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, आणि बोली एवढ्या भराभर की आमच्या पाहुण्यांनी डोकं खाजवलं म्हणून कोणी त्यांना टोपलं विकलं नाही हे नशीब. तांबूला तिथे नेली नाही, एवढ्या वासात ती माझ्या हातात राहिली नसती. तिला सकाळी अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर नेली, भरती-ओहोटी बघून. लाटेवर भुंकली, लाट आली की पळाली, खारं पाणी प्यायचा प्रयत्न केला, तो थांबवला, घरून नेलेलं गोडं पाणी पाजलं. मुलांनी वाळूत किल्ला केला होता, अंगणातला मातीचा किल्ला सोवळ्याच्या वाटेत येतो म्हणून ह्या वर्षी बीचवर. त्यावर तिने बैठक मारली. पोरांनी मावळे काढून घेतले आणि तिलाच किल्लेदार केली.

परतीला ताम्हिणीच कारण नवऱ्याला वरंधचा भरवसा नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

घरी पोचलात की कान, काखा, बोटांच्या मध्ये गोचीड बघा, औषध लावलं असलं तरी. पुढच्या दोनतीन आठवड्यांत ताप, खाणं बंद, हिरड्या पांढरट दिसल्या तर रक्त तपासून घ्या, आणि कोकणात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सांडगी_मिरची

मोत्याचे बेदाणे बंद केले. सासरे आता ते मला देतात.

मंडणगडचा

मे महिन्यात परत येणार असाल तर सांगा, तेव्हा बिबट्यापेक्षा उन्हाचं आणि आंब्याच्या कोयीचं जास्त बघावं लागतं, कोय गिळली की आतड्यात अडकते. तेव्हा वेगळा धागा काढा.